रणगाडा आणि माझा गुडघा

२ जुलै

कोच मॅडमनी सांगितलं तेव्हा मी सायकलवर होते — जिममधल्या, जागच्या जागी फिरणाऱ्या. "तिला घेतलंय आपण," म्हणाल्या. कुणाला, असं मी विचारलं, पण पोटात कळलंच होतं.

"तीच. चार नंबरची. मागच्या फळीत आपल्याला तशी मुलगी हवी होती."

तशी म्हणजे कशी? दुसऱ्याचा गुडघा मोडणारी?

आठ मार्च. एकसष्टावं मिनिट. चेंडू माझ्या पायात होता, ती उजवीकडून घसरत आली आणि मी खाली. डाव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. तिला लाल कार्ड आणि तीन सामन्यांची बंदी. मला शस्त्रक्रिया आणि नऊ महिने. हा हिशोब कुणी लावला देव जाणे!

आणि आता ती आमच्याच क्लबात. वर दाराकडे जाता जाता मॅडमचं शेवटचं वाक्य — "क्लबच्या फ्लॅटमध्ये तुझ्या शेजारची खोली रिकामी आहे ना? तिथेच राहील."

रिकामी आहे. होती.

३ जुलै

आईला फोन केला. आई कपडे शिवते, तोंडात टाचण्या असल्या की नुसते हुंकार देते. आज टाचण्या काढून बोलली. "त्या बयेचं तोंडसुद्धा बघू नकोस. दुसरं घर माग."

मागितलं. नाही म्हणाले.

७ जुलै

आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, चौपन्न पायऱ्या. दोन्ही हातांत दोन अवजड बॅगा, आणि बाईसाहेबांना साधी धाप नाही. दारात उभी राहून म्हणाली, "मी..."

मी म्हटलं, "तुझी खोली डावीकडची. फ्रिजचा खालचा कप्पा तुझा." आणि माझं दार लावून घेतलं.

फार बरं वाटलं. दहा मिनिटं.

पोरींनी पहिल्याच दिवशी तिला नाव ठेवलं — रणगाडा. प्रेमाने! मीही इथे तेच लिहीन. प्रेमाने नाही.

१५ जुलै

आम्ही चिठ्ठ्यांनी बोलतो. 'दूध संपलं.' 'कचरा मंगळवारी बाहेर ठेवायचा.' 'गीझर चालू राहिला होता.' तिचं अक्षर गोल, शाळकरी. माझं तिरकं. एका घरात दोन माणसं आणि सगळा संवाद फ्रिजच्या दाराशी!

आज ट्रेडमिलवर पळाले. तीन मिनिटं. फिजिओंनी थांबवलं नसतं तर अजून पळाले असते. आम्ही त्यांना हाडवैद्य म्हणतो. साठीचे आहेत, त्यांना हे नाव माहीत आहे, आणि बहुतेक आवडतं. म्हणाले, "घाई केलीस तर मी रिटायर होईन, तू मात्र इथेच राहशील." मग घरचा अभ्यास दिला — इमारतीचा जिना रोज दहा वेळा, डाव्या पायावर जोर देऊन.

मॅडमशीही बोलणं झालं. माझा करार हंगामाबरोबर संपतो. "जानेवारीत मैदानावर दिसलीस तर पुढचं बोलू," म्हणाल्या. न दिसले तर काय, ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकतिसावं लागलंय मला.

२९ जुलै

जिना. दहा वेळा. प्रत्येक पायरीला तिला एक शिवी. चौपन्न गुणिले दहा — एवढ्या शिव्या मला येत नाहीत, म्हणून काही पुन्हा पुन्हा वापराव्या लागतात.

सातव्या फेरीला रणगाडा खालून सामान घेऊन आली. माझी भाजीची पिशवी खाली किल्लीवाल्याच्या दुकानाशी ठेवली होती, तीही उचलून तिने वर नेऊन ठेवली. न विचारता!

मी ती पिशवी परत खाली नेली. आणि स्वतः वर आणली.

लिहिताना वाटतंय, जरा अतीच झालं.

६ ऑगस्ट

सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी. धावले — म्हणजे माझ्या परीने धावले. बघते तर रणगाडा खुर्चीवर उभी, डोक्यावर भांडी पुसायचा रुमाल, आणि ओट्यावर एक कबुतर निवांत पावाचे कण टिपतंय.

"काढ ना त्याला! प्लीज काढ!"

महिन्याभरात तिने माझ्याशी बोललेलं पहिलं पूर्ण वाक्य. ज्या बाईला बघून अख्खी आघाडीची फळी बाजूला होते, ती कबुतराला घाबरते! मी केरसुणी घेतली, खिडकी उघडली. कबुतर गेलं. ती तरी खाली उतरेना.

"गेलं?"

"गेलं."

"नक्की?"

मला हसू आलं. दाबलं. पण तिने पाहिलं.

२४ ऑगस्ट

आज सराव सामना. मी बाकावर, गुडघ्यावर बर्फ. काहीतरी खटकत होतं, अर्ध्या तासाने लक्षात आलं काय ते. रणगाडा टॅकल करत नाहीये. धावते, अडवते, अंगाने मोठी आहे म्हणून समोरची बिचकते. पण पाय घालायची वेळ आली की क्षणभर थांबते. समोरची निघून जाते.

मॅडम ओरडल्या, "अगं, तू रणगाडा आहेस की हातगाडी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. ती पण हसली, आणि ते बघून माझं हसू बंद झालं. असं हसणं मला ओळखीचं आहे. हॉस्पिटलात भेटायला आलेल्यांसमोर मी तसंच हसायचे.

१३ सप्टेंबर

पहिलाच सामना. तीन-शून्यने हरलो. त्यातले दोन गोल तिच्या बाजूने. दोन्ही वेळा ती पोचली होती, नुसता पाय घालायचा होता. नाही घातला.

घरी आले तर स्वयंपाकघरात बसलेली. बूटसुद्धा काढले नव्हते, फरशीभर चिखल. मी चिठ्ठी लिहायला घेतली — 'फरशी.' मग फाडून टाकली आणि स्वतःच पुसली. ती म्हणाली, "मी पुसते." मी म्हटलं, "राहू दे."

दोन शब्द. चिठ्ठीपेक्षा एकाने जास्त.

१९ सप्टेंबर

तिला संघातून काढलं. बाकावर माझ्या शेजारी. मध्ये एक जागा सोडून बसली. सहा महिन्यांपूर्वी मला हे दिसलं असतं तर मी पेढे... जाऊ दे. मजा आली नाही, एवढंच.

२ ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं.

हाडवैद्यांनी लॅपटॉप समोर ठेवला. "आता बघायलाच लागेल. आता तुला वळायला शिकायचंय. पाय कसा टाकतेस ते तुला दाखवल्याशिवाय मी तुला गवतावर सोडणार नाही."

आठ मार्चचं चित्रीकरण. मी ते कधीच बघितलं नव्हतं. कुणी दाखवायला लागलं की उठून जायचे.

त्यांनी अगदी संथ लावलं. मी चेंडू घेते. डावा पाय टाकते. बुटाचे खिळे गवतात रुततात. अंग वळतं — पाय वळत नाही. गुडघा आत जातो. माझं तोंड उघडलंय, मी ओरडतेय.

आणि ती? ती अजून दोन हात लांब आहे!

घसरायला सुरुवात झालेली, थांबता येत नाहीये. तरी बिचारी हात वर करून पाय आखडून घेतेय. मग माझ्या अंगावर येऊन आदळते. पण तोवर सगळं होऊन गेलेलं.

पाच वेळा बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शस्त्रक्रियेच्या आधीपासून. मला वाटलं, तू बघितलंयस."

"मग लाल कार्ड कसं दिलं तिला?"

"रेफरी मागे होता. ओरड ऐकू आली, तू पडलेली, ती तुझ्यावर. त्याला आणखी काय दिसणार?"

आज जिना चढताना एकही शिवी आठवली नाही.

३ ऑक्टोबर

तिच्या खोलीचं दार मी पहिल्यांदाच वाजवलं. पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं — तुला माहीत होतं?

काय ते तिने विचारलं नाही. "हो," म्हणाली. "मी पोचायच्या आधीच तू ओरडली होतीस. मी ऐकलं ना."

"मग दाद का नाही मागितलीस? तीन सामने घालवलेस!"

"जुन्या क्लबचे मॅनेजर म्हणाले होते, अर्ज करू. मीच नको म्हटलं. तू हॉस्पिटलात पडलेली, आणि मी कागदावर लिहून देणार की हिचा गुडघा आपोआप गेला? बरं दिसलं असतं का ते?"

"इथे आल्यावर तरी सांगायचंस!"

ती मोज्याशी खेळत बसली. मग म्हणाली, "तू दहा-दहा वेळा जिना चढायचीस. दातओठ खात. मी आतून मोजायचे. सहाव्या फेरीला तुझा वेग मंदावायचा, आणि मी दार उघडून बाहेर आले की परत वाढायचा. म्हटलं, चढू दे."

म्हणजे सातव्या फेरीला सामान घेऊन येणं...

"मुद्दाम?"

"पिशवी परत खाली नेशील असं नव्हतं वाटलं," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी हसायला लागलो. मग मी रडले. मग तिने मला एक मोजा दिला. धुतलेला होता.

शेवटी विचारलं — चूक तुझी नव्हतीच, मग टॅकल करणं का सोडलंस?

"डोक्याला माहीत आहे गं. पायाला कोण समजावणार?"

५ ऑक्टोबर

आईला सगळं सांगितलं. मागे शिलाई मशीन चालू होतं. मग मशीन थांबलं.

"मग इतके दिवस मी उगाच शिव्या घातल्या तिला?"

"आपण दोघींनी."

"अगं बाई." आणि थोड्या वेळाने — "एकटीच असते का ती? जेवते का नीट?"

२० ऑक्टोबर

गवत! सात महिन्यांनी. बूट घालून नुसती उभी राहिले. हाडवैद्य म्हणाले, "फोटो काढायचाय का? चल, पळ."

९ नोव्हेंबर

आज तिला म्हटलं, माझ्यावर टॅकल कर.

"वेड लागलंय का तुला?"

हाडवैद्यांची परवानगी काढली होती. आधी ते नाही म्हणाले, मग चष्मा पुसत बसले, मग म्हणाले — मी बाजूला उभा राहीन, सुरुवात चालत करायची, आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.

सराव संपल्यावर मागच्या छोट्या मैदानावर आम्ही तिघं. मी चेंडू घेऊन चालत येते, ती समोर. पाच वेळा आले, पाचही वेळा तिने वाट करून दिली. "अगं, पाय घाल!" नाही.

सहाव्या वेळी मी जरा जोरात आले. आणि तेव्हा मलाच कळलं — तिने पाय उचलायच्या आत मी चेंडू सोडून दिला होता. अंग चोरून. मीसुद्धा!

हाडवैद्य म्हणाले, "वा. एक घालत नाही आणि दुसरी थांबत नाही. मला वाटलं होतं, माझ्याकडे एकच पेशंट आहे."

२१ नोव्हेंबर

रोज वीस मिनिटं. ती पाय पुढे करते, पण मऊ, दार ढकलल्यासारखा. मी चेंडू ठेवते, पण श्वास रोखून.

घरी चिठ्ठ्या बंद. तिला बटाट्याशिवाय काही करता येत नाही, मला अंड्याशिवाय. दोन्ही एकत्र केलं की जेवण होतं. अंघोळीला गेली की गाणी म्हणते. सूर असा की खालचा किल्लीवाला कानस थांबवतो. ती म्हणते, ऐकायला थांबवतो!

१४ डिसेंबर

आज झालं.

थंडी मरणाची, मैदान कडक. पोरी निघून गेल्या होत्या. मी खरोखरचं पळत आले, पूर्ण जोरात. ठरवलं होतं — काहीही होवो, चेंडू सोडायचा नाही. ती आली. थांबली नाही. खाली गेली, पाय लांब केला, आणि चेंडू माझ्या पायातून असा काढला की मला आधी कळलंच नाही. मग मी तिच्यावरून उलटून तोंडावर पडले.

तोंडात माती. मी ओरडले नव्हते. गुडघा जागेवर. हलवून पाहिला — वाकतो, सरळ होतो.

मान वळवली तर ती गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात तोंडावर, डोळे मिटलेले. हाडवैद्य तर पुतळाच.

मी म्हटलं, "फाउल."

तिने डोळे उघडले. "काय?"

"फाउल होता. माझा चेंडू."

"हट! एकदम साफ होता!" तिला रागच आला! "आधी चेंडू, मग तू! काका, सांगा ना हिला!"

हाडवैद्यांनी तोंड फिरवलं. खिशातून रुमाल काढून बराच वेळ नाक पुसत होते. थंडीमुळे, म्हणाले.

त्यानंतर अकरा वेळा केलं. सात तिने जिंकले, चार मी. ती म्हणते तीन.

२० डिसेंबर

रणगाडा परत संघात. पहिल्याच मिनिटाला टॅकल. मॅडमनी बाकावरच्या माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की पाठच मोडायची!

१० जानेवारी

एकाहत्तराव्या मिनिटाला मॅडम म्हणाल्या, "सुई, तयार हो." माझं संघातलं नाव ते. फटीतून पास काढते म्हणून, आणि आई शिवणकाम करते म्हणूनही. दहा महिन्यांनी कुणी ते मैदानाच्या कडेला उभं राहून पुकारलं.

स्कोअर एक-एक. पहिली पाच मिनिटं मी नुसती पळत होते, चेंडू माझ्याकडे येऊ नये अशी प्रार्थना करत. मग आला. खेळले. मग परत आला. मग विसरले.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. त्यांची ती चपळ पोर एकटी सुटली, समोर फक्त आमची गोलकीपर. रणगाडा कुठून आली कुणास ठाऊक — खाली गेली, लांब पाय, चेंडू अलगद बाहेर. पोर धडपडून पडली. स्टेडियममध्ये ओरड. रेफरीचा हात शिट्टीकडे गेला... आणि परत खाली आला. खेळ चालू! आणि चेंडू घरंगळत कुणाकडे? माझ्याकडे.

वर बघितलं. आमची नऊ नंबर पळायला लागलेली, दोघींच्या मधून एवढीशी फट. डावा पाय टाकला — विचार न करता टाकला! — आणि उजव्याने पास काढला. पुढचं काम नऊ नंबरने केलं.

दोन-एक.

रणगाडा अख्खं मैदान पळत आली आणि मला उचललं. "गुडघा! गुडघा!" हाडवैद्य कडेवरून ओरडत होते.

आई आली होती. बसने, पाच तास, बाकडी थंड असतात म्हणून उशी घेऊन. सामन्यानंतर मी तिला खेळाडू मैदानात उतरतात त्या बोगद्याच्या तोंडाशी घेऊन गेले. रणगाडा समोर उभी, चिखलाने माखलेली, हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आईने तिला नखशिखान्त पाहिलं. मला वाटलं, आता माफी मागेल, दोघी रडतील. कसलं काय!

"केवढे रुंद खांदे गं तुझे! तयार कोट अंगाला बसत नसेल."

"नाही बसत, मावशी."

"वळ बघू." आणि तिथेच, पर्समधून टेप काढून आईने तिची पाठ मोजली. रणगाडा हात पसरून गरीब गाईसारखी उभी.

निवड समितीच्या बाई पण आल्या होत्या म्हणे, राष्ट्रीय संघाच्या. नऊ नंबरला बघायला, असं सगळ्या म्हणतायत. तिचं सोनं होवो.

१६ जानेवारी

मॅडमनी बोलावलं. कागद पुढे सरकवला. दोन वर्षं! मी वाचायला लागले तर म्हणाल्या, "वाच, वाच. मला कुठे घाई आहे?" आणि घड्याळाकडे बघत बसल्या. शेवटच्या पानावर सही करताना अक्षर नेहमीसारखं तिरकं आलंच नाही. सरळ आलं.

आईला फोन केला. तोंडात टाचण्या होत्या. हुंकार मात्र तीनदा दिला.

२१ जानेवारी

रणगाडा अंघोळीला गेलेली. तिचा फोन टेबलावर वाजत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आतून ओरडली, "उचल गं!" उचलला. राष्ट्रीय संघाच्या बाई. सोमवारपासून शिबिर, संघात घेतलंय. "तिला सांगाल ना?" सांगते, म्हटलं.

या फोनची मी नऊ वर्षं वाट बघतेय. ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, या वहीलासुद्धा नाही.

बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत पाणी चालू, तिचं गाणं चालू, सूर नेहमीचाच. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी, आणि या घडीला ती फक्त मला माहीत! आता पोटात दुखेल म्हणून वाट पाहिली. दुखलं, थोडंसं. खोटं कशाला लिहू? पण त्याच्याहून मोठी होती तिला सांगायची घाई, आणि ती मला आवरेना.

गाणं संपेपर्यंतही थांबले नाही. दोन्ही मुठींनी दार बडवलं.